फियाट-पद्मिनीच्या जुन्या काचा बदलताना: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट अकराशे, तिची डिलाइट ही आवृत्ती आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेलेली गाडी आज ज्यांच्या घरी आहे, त्यांपैकी बहुतेकांसमोर काचांचा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीचे सुटे भाग वर्षानुवर्षे सहज मिळत असत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्यानंतर या भागांचा नियमित ग्राहक राहिला नाही, त्यामुळे आता काच शोधण्यापासून बसवण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याचा विचार मालकालाच करावा लागतो.

हे काम मी स्वतः, एका अनुभवी मिस्त्रींच्या सोबतीने केलेले आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, काच बदलण्याच्या कामात काचेपेक्षा तिच्याभोवतीचे रबर आणि पत्र्याची चौकट यांचेच काम अधिक असते. पाणी गळणे, नवी काच महिन्याभरात तडकणे, वाऱ्याचा आवाज येणे या तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच सापडते.

१. काच खरोखर बदलायची आहे का, ते आधी ठरवा

जुन्या काचेवरील प्रत्येक डागासाठी काच बदलण्याची गरज नसते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि वायपरचे बारीक ओरखडे सिरियम ऑक्साइडच्या पॉलिशने बऱ्याच अंशी जातात. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत असेल, तर तो घासून काढण्याच्या फंदात पडू नये, कारण तेवढी खोली गाठेपर्यंत काचेला खळगा पडतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यातून वेडेवाकडे दिसू लागतात. काचेच्या कडेने दुधाळ पट्टा आत सरकत आलेला असेल, तर ती दोन थरांची लॅमिनेटेड काच आहे (तिची माहिती पुढच्या मुद्द्यात येते), तिच्या थरांमधला पडदा सुटू लागलेला आहे आणि त्यावर कोणतेही पॉलिश चालत नाही. चालकाच्या नजरेसमोर तडा असेल, तर मात्र विचार करण्यासारखे काही उरत नाही.

२. कोणत्या जागी कोणती काच

गाडीत दोन प्रकारची सुरक्षा काच वापरली जाते. टफन काच ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते आणि फुटली की तिचे बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पडदा असतो; ती तडकते, पण जागीच राहते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे गाडीच्या सर्व काचा सुरक्षा काचेच्याच असाव्या लागतात. पुढची काच लॅमिनेटेडच असावी ही अट मात्र हे नियम १९८९ मध्ये लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी बनलेल्या गाड्यांपासून आहे. त्यामुळे त्याआधीच्या गाडीला पुढेही टफन काच असू शकते. तरीही नवी काच घेताना पुढच्या बाजूला लॅमिनेटेडच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. मूळपणा जपण्याच्या हौसेपोटी पुढे टफन काच बसवणारे लोक मला भेटले आहेत. महामार्गावर एक खडा लागून समोरचे सगळे क्षणात पांढरे होणे ही जोखीम त्या हौसेपेक्षा मोठी आहे.

हाती असलेली काच कोणती, हे ओळखणे सोपे आहे. काचेची उघडी कड निरखून पाहिल्यास लॅमिनेटेड काचेत मधोमध एक रेघ दिसते. टफन काचेत पोलराइज्ड गॉगल लावून तिरक्या उन्हात पाहिल्यास ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. कोपऱ्यातला शिक्काही वाचावा. भारतीय बनावटीच्या काचेवर आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक असायला हवा. शिक्का नसलेली काच कितीही स्वस्त मिळाली, तरी ती घेऊ नये.

गडद काचेचा मोह असल्यास तोही इथेच आवरावा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे.

३. कागदपत्रे आणि पूर्वतयारी

त्याच प्रकारची काच त्याच जागी बसवण्यासाठी आरटीओची परवानगी लागत नाही, कारण काचेची नोंद आरसी बुकात नसते. गाडी ५० वर्षांहून जुनी असून तुम्ही २०२१ च्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी करणार असाल, तर तिथेही सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा एवढाच मुद्दा असतो. काच त्यात आडवी येत नाही. तरीही पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात:

- आरसी बुक आणि चालू विमा पॉलिसीची प्रत.
- काम सुरू करण्यापूर्वीची छायाचित्रे: प्रत्येक काच बाहेरून व आतून, कोपऱ्यातील शिक्के आणि रबराचा सांधा कुठे आहे ते दाखवणारे एक जवळचे छायाचित्र.
- काच आणि रबर यांची स्वतंत्र, नावानिशी पावती.
- पुढच्या काचेवर फास्टॅग असल्यास तो देणाऱ्या बँकेचा ग्राहक क्रमांक. फास्टॅग काचेवरून सोलून काढला की निकामी होतो, त्यामुळे नवा टॅग आधीच मागवावा. उच्च सुरक्षा नंबरप्लेटसोबत काचेवर चिकटवलेल्या स्टिकरचेही तसेच आहे.

विम्याबाबत एक सावधगिरी सांगतो. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर काचेचा खर्च मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर काचेवर सहसा घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची वजावट, कापला जात नाही, पण रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापला जातो. दावा करायचा असल्यास कंपनीला कळवून सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत फुटक्या काचेला हात लावू नये. काच आधी काढून ठेवली आणि मग दावा केला, की वाद सुरू होतो.

४. साहित्य

चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बूट यांवाचून कामाला सुरुवात करू नये. त्याशिवाय लाकडी पाचरी आणि जाड प्लास्टिकच्या पट्ट्या, धारदार कटर, ३ ते ४ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉन दोरी (काचेच्या परिघापेक्षा हातभर जास्त), भांडी घासण्याचा द्रव साबण, वायर ब्रश, पॉलिश पेपर, गंजरोधक प्रायमर, न वाळणारे विंडस्क्रीन सीलंट, व्हर्नियर कॅलिपर, लांब स्टीलची पट्टी आणि काच ठेवण्यासाठी जुनी गादी किंवा दुमडलेली घोंगडी लागते. काच आडवी ठेवायची असल्यास गादीवर, एरवी भिंतीला टेकवून उभी ठेवावी, आणि तिच्या कडेखाली लाकडाची फळी असावी. टफन काच कोपऱ्यावर फरशीला लागली, तर हलक्या टोल्यानेही पूर्ण काच दाण्यांचा ढीग होते.

५. काच आणि रबर मिळवणे

इथे नवखा माणूस सर्वांत जास्त फसतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पुढची आणि मागची काच वक्र असल्याने ती साच्यातूनच यावी लागते. म्हणून ती प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय जुनी काच काढू नये. दाराच्या काचेचे नेमके उलटे आहे. स्टीलची पट्टी उभी आणि आडवी टेकवून पाहावी. काच सपाट निघाली, तर ती कोणत्याही चांगल्या कारखान्यात बनवून घेता येते, मात्र त्यासाठी जुनी काच आधी काढून नमुना म्हणून न्यावी लागते.

शोधाची सुरुवात मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरातील आणि कुर्ल्यातील सीएसटी रस्त्यावरील सुट्या भागांच्या दुकानांपासून, तर पुण्यात नाना पेठेतून करावी. विचारताना केवळ "फियाटची काच" असे म्हणू नये. जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात, ती १९५० च्या दशकातील गाडी आणि डिलाइट-पद्मिनीची पिढी यांची बॉडी वेगळी आहे आणि काचाही वेगळ्या आहेत. गाडीचे वर्ष, मॉडेल, काचेची सर्वाधिक रुंदी, मध्यरेषेवरची उंची आणि जाडी हे सर्व कागदावर लिहून न्यावे. वापरलेली काच घेत असाल, तर ती उन्हात धरून तिच्यातून एखाद्या सरळ खांबाकडे पाहावे आणि काच हळूहळू सरकवावी; खांब लहरू लागला, तर ती काच नाकारावी. कडेचा टवका नखाएवढा लहान असला, तरी काच घेऊ नये, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

जाडीकडे विशेष लक्ष द्यावे. जुनी टफन काच ५ मिलिमीटरच्या आसपास असेल आणि नवी लॅमिनेटेड काच तिच्यापेक्षा मिलिमीटरभर जाड असेल, तर जुन्या मापाच्या रबराच्या खाचेत ती नीट बसत नाही, आणि मिस्त्री ती जोर लावून बसवतात. म्हणून आधी काच घ्यावी आणि तिची जाडी मोजून मग रबर घ्यावे. जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा कापून सोबत न्यावा, म्हणजे दुकानदाराला आडवा छेद दाखवता येतो. नवे रबर पूर्ण दुमडून पाहावे. घडीच्या बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या, तर ते रबर दोन उन्हाळेही टिकणार नाही.

रंगाचीही एक गोष्ट आहे. जुन्या काचा बहुधा पाणीदार स्वच्छ होत्या, आजच्या बऱ्याच गाड्यांच्या काचांना हिरवट छटा असते. पांढऱ्या कागदावर जुनी आणि नवी काच शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. चारपैकी एकाच दाराला हिरवट काच लावलेली गाडी मला तरी पाहवत नाही. इतरांना ते खपत असेल, तर त्यात धोका काहीच नाही.

६. पुढची काच काढणे

हे काम दोघांचे आहे. वायपरचे हात आणि आतला आरसा काढावा, बॉनेटवर आणि डॅशबोर्डवर घोंगडी पसरावी. डॅशबोर्डवर हवेच्या फटी असतील, तर त्या चिकटपट्टीने बंद कराव्यात, कारण त्यात गेलेले काचेचे कण पुढे कधीतरी पंखा लावल्यावर डोळ्यांत येतात.

रबराच्या खाचेतील चकचकीत पट्टी सांध्यापासून सावकाश सोडवावी. ही पट्टी वाकली, तर पुन्हा सरळ होत नाही आणि नवी मिळणे काचेपेक्षाही अवघड आहे. त्यानंतर रबराची बाहेरची ओठासारखी कड कटरने सर्व बाजूंनी कापून टाकावी. अनेक मिस्त्री रबर वाचवण्यासाठी आतून पायाने काच ढकलतात. रबर बदलायचेच असेल, तर त्याची काहीच आवश्यकता नाही; कड कापली की काच दोन हातांनी अलगद बाहेर येते आणि जुनी काच शाबूत राहिल्याने नव्या काचेशी तिचा आकार ताडून पाहता येतो. दोन्ही काचा एकमेकींवर ठेवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

७. चौकटीची दुरुस्ती

काच निघाल्यावर दिसणारी पत्र्याची कड पाहून अनेकांना धक्का बसतो. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत खालचे दोन्ही कोपरे गंजलेले असतातच, कारण रबराखाली शिरलेले पाणी तिथे साचून राहते. गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने उजळ पत्रा दिसेपर्यंत काढावा. पत्रा जाळीदार झालेला असेल, तर तो भाग कापून नवा तुकडा जोडून घ्यावा. पुट्टी भरून कड उभी करणारे डेंटर भेटतील, त्यांना स्पष्ट नकार द्यावा. पुट्टीची कड रबराचा ताण धरू शकत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती सुटून येते.

चौकटीच्या कडेवरून बोट फिरवून प्रत्येक उंचवटा शोधावा. वेल्डिंगचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंबही घासून सपाट करावा. खड्ड्यातून जाताना बॉडीला पीळ बसतो, तो सारा त्या एका बिंदूतून काचेवर येतो, आणि मग काच "आपोआप" तडकल्याची तक्रार होते. प्रायमर आणि रंग दिल्यावर तो पूर्ण कडक होईपर्यंत थांबावे. ओल्या रंगावर रबर बसवले, तर ते रंगाला चिकटते आणि कड पुन्हा उघडी पडते. या थांबण्यामुळेच हे काम पावसाळ्यात काढू नये. काच नसलेली गाडी झाकून ठेवण्याची सोय आधी करावी आणि मगच जुनी काच काढावी.

८. दोरीने काच बसवणे

रबर तासभर उन्हात ठेवून मऊ करावे. आतल्या खाचेत काच बसते आणि बाहेरची खाच पत्र्याच्या कडेवर बसते. काच गादीवर ठेवून रबर तिच्याभोवती चढवावे. रबर ताणून बसवू नये; तुकड्याचे रबर असेल, तर ते सेंटिमीटरभर जास्तच कापावे आणि दाबून सांधावे, कारण ताणलेले रबर पुढे आकसते आणि सांधा उघडतो. सांधा कोपऱ्यात कधीही येऊ देऊ नये. मूळ रबराचा जिथे होता, तिथेच ठेवावा.

आता बाहेरच्या खाचेत नायलॉन दोरी सर्व बाजूंनी बसवावी आणि तिची दोन्ही टोके खालच्या बाजूच्या मध्यावर एकमेकांवर वीतभर ओलांडून गाडीच्या आतल्या बाजूला सोडावीत. खाच आणि चौकट दोन्ही साबणाच्या पाण्याने ओली करावीत. तेल, ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली अजिबात वापरू नये, त्यांनी रबर फुगते. एकाने बाहेरून काच चौकटीवर मध्यभागी टेकवून धरावी. दुसऱ्याने आत बसून दोरीचे एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने सावकाश ओढावे. दोरी निघत जाते तशी रबराची आतली कड पत्र्यावरून आत येते. ज्या ठिकाणी दोरी निघत आहे, नेमक्या त्याच ठिकाणी बाहेरच्या माणसाने तळहाताने दाब द्यावा. आधी खालची बाजू, मग दोन्ही उभ्या बाजू आणि शेवटी वरची बाजू, असा क्रम ठेवावा. कोपऱ्यावर कड अडली, तर पाचरीने मदत करावी, मुठीने ठोकू नये. लॅमिनेटेड काच पसरलेला दाब सोसते, एका बिंदूवरचा टोला सोसत नाही.

काच बसल्यावर दोन्ही बाजूंचे अंतर मोजून ती मध्यावर आहे याची खात्री करावी. मग चकचकीत पट्टी बसवावी आणि शेवटी रबर व काच, तसेच रबर व पत्रा यांच्या फटीत न वाळणारे सीलंट भरावे. घरगुती सिलिकॉन, विशेषतः ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते, इथे वापरू नये. वाळताना त्यातून निघणारे आम्ल पत्र्याला गंज आणते.

मजुरी ठरवताना एक प्रश्न आधीच विचारावा: बसवताना काच फुटली, तर तिची किंमत कोण देणार? उत्तर काहीही असो, ते काम सुरू होण्यापूर्वी मिळालेले बरे.

९. दाराच्या काचा

काच फिरवण्याच्या हँडलामागची वाटी आत दाबली की त्याला धरून ठेवणारी पिन किंवा क्लिप दिसते. हँडल, हाताचा टेकू आणि दाराची आतली, खटक्यांनी बसवलेली गादी काढल्यावर काच वर-खाली करणारे विंडो मशीन उघडे पडते. काच तळाशी एका धातूच्या पट्टीत रबर घालून घट्ट बसवलेली असते. ती पट्टी काढण्यापूर्वी काचेच्या पुढच्या कडेपासून तिचे अंतर मोजून लिहून ठेवावे. हे अंतर थोडे जरी चुकले, तरी काच तिरकी चढते आणि मध्येच अडकते. त्यानंतर लोक विनाकारण मशीन बदलतात.

जुनी काच फुटलेली असेल, तर ३ मिलिमीटरच्या प्लायवूडचा नमुना कापून तो दारातल्या चॅनेलमध्ये, म्हणजे काच ज्या खोबणीतून सरकते तिच्यात, वर-खाली करून पाहावा. नमुन्यावर बाहेरची बाजू आणि गाडीचा पुढचा भाग कोणता ते ठळक लिहावे, नाहीतर डाव्या दाराची काच उजव्या दारासाठी बनून येते. टफन करून आलेली काच नंतर कापता किंवा घासता येत नाही, त्यामुळे आकार, गोलाई आणि कडांची घासाई हे सर्व टफन करण्यापूर्वीच पक्के व्हायला हवे. बाजूच्या त्रिकोणी काचेसाठीही हेच लागू आहे; तिथे काचेपेक्षा बिजागरीच्या खुंटीकडे जास्त पाहावे.

दार उघडे आहे तोवर मखमली चॅनेल नवे टाकावे, मशीनच्या दातांना ग्रीस लावावे आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. आतल्या गादीमागचा प्लास्टिकचा कागद फेकून देण्याची सवय अनेक गॅरेजांना असते. तो परत लावून घ्यावा, नाहीतर काचेवरून उतरणारे पाणी गादी कुजवते.

१०. पाण्याची चाचणी

एकाने आत बसावे आणि रबराच्या आतल्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरावी. दुसऱ्याने साध्या नळीने, जोर न लावता, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर पाणी सोडावे. वरून सुरुवात केली, तर पाणी कुठून शिरते तेच कळत नाही. पावडरीवर ओली रेघ उमटली की तेवढ्याच जागी सीलंट पुन्हा भरावे. पहिल्या आठवड्यात दाबाच्या पाण्याने गाडी धुऊ नये आणि सर्व काचा बंद असताना दार आपटू नये, कारण आतल्या हवेचा धक्का ताज्या रबराला बसतो. महिन्याभराने, दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवल्यावर, सांधा आणि चारही कोपरे पुन्हा तपासावेत. दाराच्या काचेचा प्लायवूडचा नमुना आणि रबराचा उरलेला तुकडा त्यांवर गाडीचे वर्ष लिहून जपून ठेवावेत.